शोधनिबंधाचे पान कोणी जुळवायचे?

आमचा एक माजी विद्यार्थी सध्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात तो हिरमुसला होऊन आमच्याकडे आला. दोन मित्रांसह लिहिलेला आपला पहिला शोधनिबंध त्याने एका परिषदेकडे पाठवला होता आणि तो दुसऱ्याच दिवशी परत आला होता. आतला मजकूर कोणी वाचलाच नव्हता. ‘समास नियमाप्रमाणे नाहीत’ एवढाच शेरा. सोबत नियमावली होती: मजकूर दोन स्तंभांत, अक्षर १० पॉइंटचे, शीर्षक २४ पॉइंटचे, पाने जास्तीत जास्त सहा, आकृतीचे नाव आकृतीखाली, तक्त्याचे नाव मात्र तक्त्याच्या वर. “सर, हे विज्ञान आहे की शिंपीकाम?” त्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला बरेच मागे जावे लागले, कारण हे नियम मुळात लेखकासाठी नव्हतेच. ते जुळाऱ्याचे, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कारागिराचे होते.

लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा त्यात येणारा बराचसा मजकूर म्हणजे विद्वानांनी पाठवलेली पत्रे होती. पत्र लिहिणाऱ्याने हवे तसे लिहावे, पानाचे रूप छापखान्याने ठरवावे, अशी सरळ वाटणी होती आणि ती सुमारे तीनशे वर्षे टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोनोटाइप यंत्र आले. त्याचे दोन भाग. एकावर कळा दाबल्या की कागदाच्या पट्टीवर भोके पडत, आणि ती पट्टी दुसऱ्यात घातली की वितळलेल्या धातूतून एकेक खिळा ओतून बाहेर येई. साधा मजकूर यावर झपाट्याने निघे, पण गणित नाही. अपूर्णांकाच्या छेदात आणखी एक अपूर्णांक, घातावर घात, वर्गमुळाच्या चिन्हाखाली लांबलचक पदावली, हे सारे कारागिराला शेवटी हातानेच बसवावे लागे. म्हणून गणिताच्या मजकुराला छापखाने जादा दर लावत.

आपल्यापैकी ज्यांनी सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर बीजगणिताची प्रश्नपत्रिका काढली आहे, त्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको. शब्द टंकलेखन यंत्रावर उमटत, आणि वर्गमूळ, सिग्मा, थीटा यांसाठी टोकदार लेखणी घेऊन बसावे लागे. हात जरा जोरात पडला की स्टेन्सिल फाटायचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रॉनिकी आणि संगणक या विषयांच्या परिषदा वाढल्या. नियतकालिकात निबंध यायला वर्ष गेले तरी चालत असे. परिषदेचे तसे नसते. प्रतिनिधी जमतील तेव्हा, किंवा निदान लगेच नंतर, निबंधसंग्रह हाती यावा लागतो. एवढ्या वेळात शेकडो पाने जुळवायची कशी आणि खर्च सोसायचा कोणी? त्यावर तोडगा असा निघाला की जुळणीच करायची नाही. लेखकाने टंकलिखित पाने पाठवायची, त्यांचा जसाच्या तसा फोटो घ्यायचा आणि त्यावरून ऑफसेटने छापायचे. या पानांना ‘कॅमेरा-रेडी’ म्हणत. स्प्रिंगर प्रकाशनाने १९७३ मध्ये संगणकशास्त्राची जी व्याख्यानमाला सुरू केली, तिचे सुरुवातीचे खंड असेच टंकलिखित पानांवरून छापलेले आहेत.

या एका निर्णयाने लेखक जुळारी झाला. त्याला ते काम येत नव्हते, म्हणून त्याच्या हाती नियमावली आली.

त्या काळी परिषदेकडून लेखकाला खास मोठ्या आकाराचे कागद येत. त्यांवर फिकट निळ्या रेषांची चौकट आखलेली असे. मजकूर या चौकटीतच टंकायचा, शीर्षक अमुक रेषेवर, दुसरा स्तंभ तमुक रेषेपासून. छापताना पान लहान करायचे असल्यामुळे अक्षर एकाच मापाचे हवे, फीत नवी आणि काळीच हवी. आणि रेषा निळ्याच का? छपाईच्या कामात वापरली जाणारी फिल्म निळ्या प्रकाशाला चांगली संवेदनशील असते, तांबड्याला जवळजवळ नाही. त्यामुळे फिकट निळी रेषा तिला कोऱ्या कागदासारखीच भासते आणि छापील पानावर उमटत नाही. तांबडी रेषा मात्र काळी होऊन उठते. प्रकाशाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

म्हणजे समासाचा हट्ट कॅमेऱ्याच्या चौकटीतून आला. सहा पानांची मर्यादा कागदाच्या आणि बांधणीच्या खर्चातून आली. दोन स्तंभांचे कारण मात्र डोळ्यात आहे. मोठ्या पानावर बारीक अक्षरांची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तर परत फिरताना डोळा पुढची ओळ चुकतो. वर्तमानपत्रवाल्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

टंकलेखन यंत्रेही सुधारत होती. आयबीएमच्या १९६१ च्या ‘सिलेक्ट्रिक’ यंत्रात अक्षरे एका गोळ्यावर कोरलेली असत. गोळा बदलला की ग्रीक अक्षरे आणि गणिती चिन्हे टंकता येत. एका समीकरणासाठी चार वेळा गोळा बदलणाऱ्या टंकलेखकांच्या चिकाटीची नोंद विज्ञानाच्या इतिहासात फारशी होत नाही, हे आम्हांला खटकते. एवढे करूनही ते पान छापील पुस्तकासारखे दिसत नसे ते नसेच.

आता डोनाल्ड क्नूथ यांच्याकडे वळू. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले हे संगणकशास्त्रज्ञ. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्यूटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाचे त्यांचे पहिले तीन खंड १९६८ ते १९७३ या काळात मोनोटाइपवर जुळवून निघाले होते आणि देखणे होते. दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची वेळ आली, तोवर छपाईची पद्धत बदलून फोटोटाइपसेटिंग आले होते. मार्च १९७७ मध्ये नवी मुद्रिते हातात पडली आणि क्नूथ यांचा विरस झाला. अक्षरांची वळणे आणि गणितातली अंतरे, दोन्ही बिघडली होती. ज्या ग्रंथावर आयुष्य वेचायचे, तो असा दिसणार?

त्याच सुमारास त्यांनी एका नव्या अंकीय यंत्रावर जुळवलेल्या पुस्तकाची पाने पाहिली. त्यातली अक्षरे बारीक ठिपक्यांची होती. ठिपका आहे किंवा नाही, म्हणजे १ किंवा ०. हा प्रश्न तर आपल्याच विषयातला आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. मे १९७७ मध्ये त्यांनी एका आज्ञावलीचा आराखडा लिहिला आणि तिला ‘टेक’ हे नाव दिले. कला आणि तंत्र हे दोन्ही अर्थ असलेल्या ग्रीक शब्दाच्या मुळातून हे नाव आले आहे. त्या उन्हाळ्यात ते चीनच्या प्रवासाला गेले असताना मायकेल प्लास आणि फ्रँक लियांग या विद्यार्थ्यांनी तिचा पहिला नमुना चालवून पाहिला. वर्षभरात काम आटोपेल असा क्नूथ यांचा अंदाज होता. लागली दहा वर्षांहून जास्त.

एवढी वर्षे का लागली? जुळाऱ्याच्या बोटांत जे ज्ञान होते ते कुठेच लिहिलेले नव्हते. अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना किती जागा सोडायची, घाताचे अक्षर किती उचलायचे, हे कारागीर नजरेने ठरवी. क्नूथ यांनी गणिताची उत्तम छपाई झालेले नमुने निवडले: स्वतःचे पहिले खंड, १९१० च्या सुमाराचे स्वीडनचे ‘अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका’ आणि १९५० च्या सुमाराचे हॉलंडचे एक गणिती नियतकालिक. त्यांतली अंतरे मोजून त्यांनी नियम बसवले. अक्षरांसाठी ‘मेटाफाँट’ नावाची वेगळी आज्ञावली लिहिली. इंग्रजी ‘एस’ या अक्षराच्या वळणाने त्यांना इतके छळले की त्या एका अक्षरावर त्यांनी १९८० मध्ये स्वतंत्र लेख लिहिला!

ओळ कुठे तोडायची हा प्रश्न तर फारच सुंदर आहे. साधी पद्धत अशी: ओळीत मावतील तितके शब्द भरा आणि पुढच्या ओळीकडे जा. पण पहिल्या सत्रात प्रकरणे रमतगमत शिकवणाऱ्या शिक्षकाचे मार्चमध्ये जे होते, तेच इथे होते. वरच्या ओळी छान बसतात आणि खालच्या एखाद्या ओळीत शब्दांमध्ये भगदाडे पडतात. क्नूथ आणि प्लास यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत पूर्ण परिच्छेद एकदम पाहते. शब्दांमधली जागा ताणता-आकसता येते असे मानायचे. ती किती ताणली यावरून प्रत्येक ओळीला दोषांक द्यायचा. ताण दुप्पट झाला की दोषांक आठपट. मग ज्या मांडणीत परिच्छेदाचा एकूण दोष सर्वांत कमी, ती निवडायची. तोडण्याच्या जागा पन्नास असतील तर मांडण्या २ च्या पन्नासाव्या घाताइतक्या, म्हणजे एकेक तपासणे अशक्यच. पण ‘इथपर्यंतची सर्वांत चांगली मांडणी’ प्रत्येक जागेपाशी लक्षात ठेवत गेले, की काम थोड्या पायऱ्यांत उरकते.

क्नूथ यांनी टेक सर्वांना मोफत दिली. तिच्यात चूक दाखवणाऱ्याला ते बक्षीस देत. बक्षिसाची रक्कम वाढत वाढत ३२७.६८ डॉलरवर थांबली. तिचे सेंट केले की २ चा पंधरावा घात मिळतो. नव्या आवृत्त्यांचे क्रमांकही पायच्या किमतीकडे सरकतात: २०२१ ची आवृत्ती ३.१४१५९२६५३ आहे.

टेक शक्तिमान खरी, पण सामान्य लेखकाला जड. १९८० नंतरच्या वर्षांत लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ ही सोपी रचना उभारली. तिचे पुस्तक १९८६ चे. लेखकाने ‘हे शीर्षक’, ‘हा विभाग’, ‘ही आकृती’ एवढेच सांगायचे. शीर्षक किती पॉइंटचे, स्तंभ किती रुंद, हे वेगळ्या शैली-फाइलीत असते. ही फाइल परिषदच देऊ लागली. निळ्या रेषांच्या कागदाची जागा तिने घेतली.

समीकरणे साध्या अक्षरांत लिहिता आल्यामुळे ती ई-मेलने धाडताही येऊ लागली. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामोसमध्ये सुरू केलेला भौतिकीच्या निबंधांचा संगणकीय संग्रह याच बळावर उभा राहिला. देवनागरीसाठीही त्याच वर्षी, हॉलंडमधील ग्रोनिंगेनच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी टेकबरोबर चालणारी अक्षरे आणि जोडाक्षरे बसवणारी आज्ञावली तयार केली. लहान गावातल्या महाविद्यालयाचा निबंध आणि स्टॅनफर्डचा निबंध शेजारी ठेवले तर रूपावरून ओळखू येत नाहीत, हे आम्हांला या साऱ्या खटाटोपाचे मोठे फळ वाटते. त्याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी कच्चे काम कच्च्या रूपात दिसे. आता चुकीची सिद्धताही पहिल्याच दिवशी छापील पुस्तकाच्या रुबाबात समोर येते आणि वाचणारा बिचकतो.

असो. आमच्या विद्यार्थ्याची फाइल आम्ही मिळून उघडली. परिषदेला ए-४ कागद हवा होता, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. लाटेक अमेरिकेत घडलेली. वेगळे सांगितले नाही, तर ती तिथला ‘लेटर’ कागद धरते, सुमारे २१६ बाय २७९ मिलिमीटरचा. सहा मिलिमीटर रुंदीला जास्त, अठरा उंचीला कमी. समास बिघडले ते यामुळे. फाइलीच्या पहिल्या ओळीत त्याने कागदाचे नाव घातले आणि निबंध पुन्हा पाठवला. महिन्याभराने परीक्षकांचे पत्र आले. समासांबद्दल त्यात अक्षरही नव्हते. तिसऱ्या आकृतीतील वाचने किती वेळा घेतली, असे विचारले होते, आणि ती एकदाच घेतलेली होती.