नावापुढचा आकडा : सामायिक लायब्ररींचा इतिहास

मंडळी, लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर 'लिबसी डॉट एसओ डॉट ६' नावाची एक फाईल असते. जवळजवळ सगळे प्रोग्राम तिच्या आधारावर चालतात. पण शेवटी हा सहा कशाला? आजचा विषय तोच.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये लायब्ररीतला लागेल तेवढा भाग प्रत्येक प्रोग्राममध्येच चिकटवला जाई. दहा प्रोग्राम, तर दहा प्रती. ऐंशीच्या दशकात पडद्यावर खिडक्या आल्या, प्रोग्राम फुगले आणि महागडी मेमरी पुरेना. मग एकच प्रत सगळ्यांनी वापरायचं ठरलं. सिस्टिम फाइव्हच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक लायब्ररीला मेमरीतली ठरावीक जागा नेमून दिलेली असे. सुरुवातीच्या लिनक्समध्येही तसंच होतं. १९८८च्या सनओएस ४.० मध्ये मात्र लायब्ररी मिळेल त्या जागी बसू लागली. १९९५च्या सुमारास 'एल्फ' या फाईलरचनेबरोबर लिनक्सनेही ती पद्धत उचलली.

मेमरी वाचली, पण नवी काळजी आली. विहीर सामायिक झाली की तिच्यात कोण काय टाकतं, हा सगळ्या गावाचा प्रश्न होतो. तुम्ही एका प्रोग्रामसाठी नवी लायब्ररी बसवली आणि तिच्यातलं एखादं फंक्शन बदललेलं असलं, तर भलताच प्रोग्राम कोसळतो. म्हणून हा आकडा. प्रोग्राम तयार होतानाच आपल्याला कोणत्या आकड्याची लायब्ररी हवी, याची नोंद त्याच्यात होते. जुना करार पाळणारी दुरुस्ती असेल तर आकडा तोच राहतो. करार मोडला तर आकडा वाढवायचा आणि जुनी-नवी दोन्ही शेजारी नांदू द्यायच्या. डिसेंबर १९९७मध्ये रेड हॅट ५.० आलं, तेव्हा पाचाचा असा सहा झाला.

बसवण्याची रीतही यातूनच ठरली. चालू असलेल्या लायब्ररीवर थेट लिहायचं नाही. नवी फाईल शेजारी वेगळ्या नावाने ठेवायची आणि मग नाव बदलायचं. चालू प्रोग्राम जुन्या फाईलवरच राहतात, नव्याने सुरू होणारे नवी घेतात.

२००२मध्ये 'झेडलिब' या लायब्ररीत सुरक्षेचा दोष सापडला. सामायिक प्रत बदलणं सोपं होतं. पण अनेक प्रोग्रामांनी तिचा कोड स्वतःच्या पोटात घेतला होता, अगदी लिनक्सच्या कर्नेलनेसुद्धा! ते एकेक शोधावे लागले. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधला 'हार्टब्लीड' उघड झाला. तिथे फाईल बदलून भागलं नाही. जुनी प्रत धरून बसलेले सर्व्हरही पुन्हा सुरू करावे लागले.

म्हणजे बघा, मेमरी वाचवायला जे सुरू झालं, ते मेमरी स्वस्त झाल्यावरही टिकलं ते दुरुस्तीच्या सोयीमुळे. आज कंटेनरमधून प्रत्येक जण आपापली लायब्ररी पुन्हा बरोबर घेऊन फिरतो. त्यात सोय आहेच. फक्त बसवताना एक विचारून ठेवावं : उद्या दोष निघाला, तर किती ठिकाणी हात घालावा लागेल?