कातडीचा कर्करोग आणि मज्जातंतूंची वाट

श्रोतेहो, शेतात हरळी माजली म्हणजे तुम्ही काय करता? वरची पाती खुरपून टाकली, की रान चार दिवस स्वच्छ दिसते. पण मातीखाली काशा राहिल्या असतील, तर पाऊस पडताच हरळी पुन्हा डोके वर काढते. म्हणून जाणता शेतकरी वर किती दिसते एवढेच पाहत नाही. काशी कुठवर गेली आहे, हे उकरून पाहतो. कातडीच्या कर्करोगाविषयी हीच गोष्ट वैद्यकाला कशी उमगली, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

आधी कातडीखाली काय आहे ते पाहू. तेथे मज्जातंतूंचे जाळे पसरलेले असते. काटा रुतला, चटका बसला, ही खबर त्यांच्यातूनच मेंदूला पोचते. चेहऱ्यावरचा स्पर्श कळवणारे तंतू कपाळाच्या, गालाच्या आणि जबड्याच्या हाडांतील बारीक छिद्रांतून आत जातात व कवटीच्या तळाशी पोचतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारा तंतू निराळा; तो कानाखालून निघून गालावर पसरतो. बहुतेक कातडीचे कर्करोग जागच्या जागी वाढतात आणि वेळीच काढले तर बरे होतात. पण थोड्यांच्या पेशी मात्र तंतूला बिलगून, त्याच्या आवरणाच्या आडोशाने पुढे सरकतात. बाहेरून पाहावे तर जखम रुपयाएवढी, आणि आत तिची काशी बोटभर लांब!

१८६२ साली न्यूमान यांनी खालच्या ओठाच्या अशाच एका कर्करोगाचे वर्णन केले. तो हनुवटीच्या तंतूच्या वाटेने आत गेलेला होता. म्हणजे गोष्ट दिसली होती. पण तिच्यावर इलाज काय करावा? शस्त्रवैद्य डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीभोवती थोडी निरोगी कातडी धरून कापत. ही कड अंदाजाने ठरे. अंदाज चुकला, तर काही महिन्यांनी वा वर्षांनी रोग त्याच व्रणाखालून पुन्हा उठे.

हा अंदाज काढून टाकण्याचे श्रेय अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या फ्रेडरिक मोह्स यांना द्यावे लागेल. त्यांचा जन्म १९१० चा. मॅडिसन येथील विद्यापीठात शिकत असताना ते उंदरांवरील कर्करोगाच्या प्रयोगांत मदतनीस होते. तेथे त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. जस्ताचा एक क्षार, झिंक क्लोराइड, गाठीत घातला की मांस मरते. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तर त्याची घडण जशीच्या तशी राहिलेली असते. मोह्स यांनी विचार केला, की असे मांस थराथराने काढून प्रत्येक थर तपासला, तर रोग नेमका कुठे उरला आहे ते डोळ्यांनी पाहता येईल.

१९३६ साली त्यांनी रोग्यांवर उपचार सुरू केले. जस्ताच्या क्षाराचा लेप, त्यात ब्लडरूट नावाच्या वनस्पतीची पूड आणि आपल्याकडे जुन्या काळी ज्या खनिजाचा सुरमा करीत तेच खनिज. लेप लावायचा, दुसऱ्या दिवशी पातळ थर कापायचा, त्याचे तुकडे करून कडांना रंग लावायचे आणि कागदावर जखमेचा नकाशा काढायचा. अगदी तलाठ्याच्या गाव-नकाशासारखा! मग थराचा तळ आणि कड पूर्ण तपासायची. जिथे रोगाच्या पेशी सापडतील, नकाशावर तेवढीच जागा खुणवून तिथेच पुन्हा कापायचे. बाकीच्या निरोगी मांसाला हात लावायचा नाही. १९४१ साली त्यांनी ४४० रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तरी कित्येक डॉक्टर साशंक राहिले, कारण लेप लावून कर्करोग जाळतो म्हणणारे भोंदू त्या देशातही पुष्कळ होते.

या पद्धतीचा एक मोठा लाभ झाला. थर उलगडत जाताना कर्करोग कोणत्या वाटांनी चालतो, हेही दिसू लागले. १९५२ साली मोह्स आणि लॅथ्रॉप यांनी या वाटांवर निबंध लिहिला. हाडाचे व कूर्चेचे आवरण, रक्तवाहिन्या, आणि मज्जातंतू! तंतूभोवती पेशी दिसल्या, की थांबायचे नाही. तंतू स्वच्छ मिळेपर्यंत त्याचा माग काढायचा, हा धडा त्यातून मिळाला.

लेपाने रोग्याला फार वेदना होत, आणि एकेका थराला दिवस जाई. १९५३ साली पापणीच्या एका कर्करोगावरील उपचाराचे चित्रीकरण चालू होते. खोळंबा नको म्हणून मोह्स यांनी पुढचा थर लेपाविना, भूल देऊन ताजाच कापला आणि गोठवून तपासला. काम उत्तम झाले. पुढे १९७४ साली ट्रोमोविच आणि स्टेगमन यांनी या ताज्या थरांच्या पद्धतीचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि लेप मागे पडला. १९६० च्या दशकात आणखी एक जुनी समजूत गेली. तंतूच्या आवरणात लसिकेच्या नळ्या असतात व रोग त्यांतून वाहतो, असे मानत. तशा नळ्या तेथे नाहीत, हे त्या दशकात दाखवण्यात आले.

आज डॉक्टर बाधित तंतूची जाडीही मोजतात. ती ०.१ मिलिमीटर किंवा अधिक असेल, तर धोका जास्त धरतात. मोठ्या तंतूचा संशय आला तर एमआरआय काढतात, आणि शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा किरणोपचार देतात.

आपल्याकडे गोऱ्या लोकांइतका हा रोग होत नाही; कातडीचा रंग उन्हापासून आपले रक्षण करतो. पण भाजल्याचे जुने व्रण आणि वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमा यांतून तो उद्भवतो. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली लिहिलेल्या निबंधात कमरेला धोतर घट्ट कसल्याने होणाऱ्या कर्करोगाचीही नोंद आहे.

तेव्हा, मंडळी, ध्यानात काय ठेवायचे? महिनाभरात न भरणारी जखम, जुन्या व्रणावर उठलेली गाठ, आणि तिच्या आसपास बधिरपणा, मुंग्या, कळा किंवा चेहऱ्याचा एक भाग लुळा पडणे, ही लक्षणे दिसली तर दवाखाना गाठा. बधिर चट्टा म्हटले की आपल्याला कुष्ठरोग आठवतो, आणि त्याची तपासणी करावीच. सरकारी केंद्रात त्याचे औषध फुकट मिळते. पण बधिरपणाचे कारण नेहमी तेच नसते. आणि जखम दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. खबर देणारा तंतूच रोगाने धरला असेल, तर दुखणार कसे? घरी जाळणारा लेप तर मुळीच लावू नका. मोह्स यांच्या हाती लेपाबरोबर सूक्ष्मदर्शक होता; नुसता लेप वरची कातडी जाळतो, आणि खालचा रोग झाकून ठेवतो.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एवढीच विनंती, की हे मुलांना सांगा. आजोबांच्या पायावरची जुनी जखम घरात सर्वांत आधी पुष्कळदा नातवालाच दिसते.