संसारातले शिवणयंत्र : पावणेदोनशे वर्षांचा हिशेब

नोकरीधंद्यानिमित्त परप्रांतात बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात देव्हारा, पाटा-वरवंटा आणि पुरणयंत्र यांच्या जोडीला पुष्कळदा आणखी एक वस्तू असे. ती म्हणजे शिवणाचे यंत्र. परमुलखातील शिंप्याला परकर-पोलक्याचा बेत सांगून उमगत नसे. बाळाची कुंची, झबली, दुपटी, चैत्रगौरीच्या आराशीची झालर, लेकीच्या रुखवतातील नक्षीचे रुमाल हे सारे घरातच व्हावयाचे. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात थोर व्यक्तींचा व संस्थांचा इतिहास येईलच. त्याच पंक्तीत या मुक्या सोबत्यालाही स्थान मिळावे, एवढाच या लेखाचा हेतू. शिवाय बेताच्या मिळकतीत यंत्र निवडावे तरी कसे, हा प्रश्न आजही अनेक घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर या इतिहासातच दडलेले आहे.

शिवणयंत्राचा जन्म सुखाचा नव्हता. बार्तेलमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० साली आपल्या यंत्राचे पेटंट मिळविले आणि पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवण्याचा कारखाना उभारला. आपल्या पोटावर पाय येणार, या भीतीने तेथील शिंप्यांनी १८३१ साली कारखान्यावर चालून जाऊन ती यंत्रे मोडून टाकली. तिमोनिए पुढे दारिद्र्यातच वारला. त्याच्या यंत्रात आणखी एक उणीव होती. ते एकाच दोऱ्याने साखळीचा टाका घाली. टोक सुटले की सबंध शिवण उसवत जाई.

ही उणीव दोन दोऱ्यांच्या टाक्याने दूर केली. वरचा दोरा सुईतून आणि खालचा धोट्यातून येऊन कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचा तग धरतो. अमेरिकेत एलायस हाऊ याने अशा यंत्राचे पेटंट १८४६ साली घेतले. आयझॅक मेरिट सिंगर याने १८५१ साली आपल्या सुधारलेल्या यंत्राचे पेटंट घेतले. श्रमाची बचत किती झाली, याचे एक उदाहरण पाहावे. एका अमेरिकन कंपनीने १८६० च्या दशकात केलेल्या तुलनेनुसार, हाताने सुमारे साडेचौदा तासांत होणारा पुरुषी सदरा यंत्रावर सव्वा तासात तयार होई.

परंतु श्रम वाचविणारी वस्तू परवडली तर पाहिजे! आरंभी या यंत्राची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती. म्हणजे मजुराची कित्येक महिन्यांची कमाई. ही कोंडी कारागिराने फोडली नाही, ती एका वकिलाने फोडली. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ साली हप्त्याने विक्री सुरू केली. थोडी रक्कम आधी भरावी, यंत्र घरी न्यावे आणि उरलेले पैसे महिन्याच्या महिन्याला फेडावेत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी मात्र कंपनीची. हप्ते थकले तर यंत्र परत जाई. गरिबाच्या घरात यंत्र आले ते असे, कर्जाचा दोरा ओवूनच. त्याच वर्षी हाऊ, सिंगर आणि आणखी दोन कंपन्यांनी आपापली पेटंटे एकत्र केली व इतर कारखानदारांकडून त्यांवर शुल्क घेण्यास आरंभ केला. ही मक्तेदारी १८७७ साली संपली आणि भाव खऱ्या अर्थाने उतरू लागले.

भारतात सिंगरचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत झाला. त्यात नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी व्यवस्थापकाचा वाटा मोठा होता. येथेही हप्त्यांचीच पद्धत अवलंबिली गेली. स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचा प्रचंड कारखाना १८८५ साली सुरू झाला आणि १९८० साली बंद पडला. सोनेरी वेलबुट्टीची काळी यंत्रे तेथून जगभर गेली. ज्यांच्या घरी आजेसासूबाईंचे असे यंत्र असेल, त्यांनी त्यावरील क्रमांक अवश्य पाहावा. १९०० पासून सिंगरने क्रमांकाआधी अक्षरे घालण्यास सुरुवात केली. त्यांवरून यंत्राच्या जन्माचे वर्ष ठरविता येते.

महाराष्ट्रात या यंत्राला सामाजिक अर्थ लाभला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामही शिकविले जाई. ज्या स्त्रीच्या हाती स्वतःची म्हणून एक दिडकीही नव्हती, तिच्यासाठी दोन सदऱ्यांची शिलाई म्हणजे मिंधेपणातून सुटण्याची पहिली पायरी होती.

यंत्रयुगाविषयी साशंक असलेल्या महात्माजींनीही या वस्तूला अपवाद मानले. १९२४ साली दिल्लीत झालेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या यंत्राची गणना जगातील मोजक्या उपयुक्त शोधांत केली. पत्नीचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते घडविले, अशी कथाही त्यांनी सांगितली. इतिहास मात्र निराळे सांगतो. सिंगरचे गृहजीवन आदर्श नव्हते आणि बोस्टनमधील एका कारखान्यात दुरुस्तीस आलेले दुसऱ्याचे यंत्र पाहून त्याला सुधारणेची कल्पना सुचली. तरी महात्माजींचा मुद्दा ढळत नाही. जे यंत्र माणसाला निकामी न करता त्याच्या हाताला बळ देते, ते त्यांना मान्य होते.

स्वदेशी यंत्राचे पर्व उघडले ते कलकत्त्यात. तेथील जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात 'उषा' यंत्र बाजारात आणले. लाला श्रीराम यांनी हा कारखाना हाती घेतल्यावर ते नाव देशभर घरोघरी झाले. ज्या जागी तो कारखाना उभा होता, तेथे आज मोठी निवासी संकुले आणि २००८ साली उघडलेला भव्य बाजार आहे. दुसरीकडे पंजाबातील लुधियान्याच्या लहान लहान कारखान्यांनी सिंगरच्याच जुन्या नमुन्याबरहुकूम सुटे भाग घडविण्यास प्रारंभ केला. कोणी धोटे करी, कोणी बॉबिन, तर कोणी यंत्राचे डोके ओती. परिणाम असा झाला, की एका कारखान्याचा भाग बहुधा दुसऱ्याच्या यंत्राला बसू लागला आणि तालुक्याच्या गावीही दुरुस्ती होऊ लागली. सामान्य भारतीय घरात हे यंत्र टिकले, त्याचे श्रेय या नामांकित नसलेल्या कारागिरांना द्यावयास हवे.

या इतिहासाचा धडा स्पष्ट आहे. यंत्राची खरी किंमत दुकानातील पावतीवर लिहिलेली नसते. ते मोडल्यावर कोण दुरुस्त करील आणि भाग कोठे मिळतील, यावर ती ठरते. म्हणून बेताच्या पैशांत यंत्र घेणाऱ्या भगिनींनी प्रथम आपल्या गावातील दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी. गोधडी, पिशव्या, पडदे, परकर यांना सरळ टीप पुरते. त्यासाठी साधे काळे यंत्र उत्तम. काजे करावयाची असतील किंवा ताणले जाणारे होजिअरीचे कापड शिवावयाचे असेल, तरच नागमोडी टाक्याच्या यंत्राचा विचार करावा. हातयंत्र स्वस्त खरे, पण त्यात उजवा हात चाकावर अडकतो. पाययंत्रात दोन्ही हात कापडाला मोकळे राहतात, आणि पुढे ऐपत वाढली की त्याच डोक्याला मोटारही बसविता येते.

जुने यंत्र घेण्यात कमीपणा नाही. चाक हाताने फिरवून पाहावे. ते अडखळता कामा नये. दुहेरी व चौपदरी कापडावर टीप घालून ती दोन्ही बाजूंनी पाहावी. खाली दोऱ्याचे पुंजके दिसले, तर आधी ताण ठीक करून पाहावे. तरीही सुधारणा झाली नाही, तर धोटा झिजला असण्याचा संभव असतो. होडीच्या आकाराच्या लांब धोट्याची फार जुनी यंत्रे शोभेला सुंदर असली, तरी त्यांचे भाग दुर्मिळ. गोल बॉबिनचे यंत्र बरे. मुठीत मावणारी अतिस्वस्त यंत्रे मात्र बहुधा एकाच दोऱ्याचा टाका घालतात. तिमोनिएची उणीव १८३० पासून आजवर त्यांच्यात जिवंत आहे!

हप्त्याने घ्यावयाचे झाल्यास शिलाईच्या मिळकतीतून निघेल एवढाच हप्ता बांधावा, आणि यंत्राची पावती शिवणारणीच्याच नावे असावी. दागिना अडचणीच्या वेळी मोडावा लागतो. शिवणयंत्र अडचणीच्या वेळी चालू लागते. परमुलखात, जेथे माहेर हाकेच्या अंतरावर नसते, तेथे या भेदाचे मोल आपल्या मायभगिनींना अधिक सांगावयास नको.