विरारची विद्युतसीमा

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बी. बी. अँड सी. आय.) रेल्वेने 1928 साली कुलाबा–बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण केले आणि 1936 साली या तारा विरारपर्यंत आल्या, तेव्हा त्यांतून 1,500 व्होल्टचा दिष्ट प्रवाह, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज, खेळत होता. पुढे 1970 च्या दशकात विरारच्या उत्तरेस 25,000 व्होल्टचा, ठरावीक काळाने दिशा बदलणारा प्रत्यावर्ती म्हणजे एसी प्रवाह आला. त्यामुळे दोन विद्युतपद्धतींची सीमा विरारला येऊन ठेपली आणि ती ओलांडण्यासाठी डब्ल्यूसीएएम-1 ही दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने घडवावी लागली.

चर्चगेट–विरार मार्गावरील डीसीचे एसीत रूपांतर 2012 साली पूर्ण झाले आणि ही सीमा पुसली गेली. परंतु या इतिहासातील खरे वळण तारांपेक्षा डब्याखाली शोधावे लागते. जुन्या लोकलमध्ये गाडी सुरू होताना मोटारीचा प्रवाह आवरण्यासाठी रोधक वापरत आणि त्यांत वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. 2007 पासून धावू लागलेल्या सीमेन्सच्या गाड्यांत मात्र इन्व्हर्टर आला. डीसीपासून हव्या त्या वारंवारितेचा त्रिकला एसी प्रवाह घडवणाऱ्या या यंत्रणेमुळे ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज तारेत परत पाठवणेही साधले.

डीसीपासून एसी घडवण्याचे हेच तत्त्व लहान प्रमाणात घरोघरी पोहोचले ते भारनियमनामुळे; मुंबई शहर त्यातून बहुतांशी सुटले असले तरी महावितरणच्या जाळ्यावरील वसई-विरारला त्याची झळ बसली. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी तरंग देत, त्यामुळे पंखे गुणगुणत; शुद्ध साइन तरंगासाठी संदर्भ-साइनची त्रिकोणी तरंगाशी तुलना करून कमी-अधिक रुंदीचे स्पंद घडवावे लागतात आणि ते शेवटी फिल्टरमधून गाळून घ्यावे लागतात. नियंत्रकाकडून येणारे हे क्षीण स्पंद शक्तिशाली ट्रान्झिस्टरांना चालवू शकतील इतके सबळ करणारे मंडल म्हणजे ड्रायव्हर बोर्ड होय. इन्व्हर्टरच्या एकाच शाखेत एकावर एक जोडलेले वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर क्षणभरही एकत्र चालू राहिले तर शॉर्टसर्किट होते, म्हणून एक बंद होणे आणि दुसरा सुरू होणे यांमध्ये ‘डेड टाइम’ हा सूक्ष्म विराम ठेवतात.

हा विराम प्रत्यक्ष ट्रान्झिस्टर जाळून शिकण्याऐवजी संगणकावर पारखता येतो. संगणकावर मंडलांचे अनुकरण करण्याची ही परंपरा बर्कली विद्यापीठातील 1973 च्या ‘स्पाइस’ या प्रणालीपासून सुरू होते; पुढे पवईच्या आयआयटीत महेश पाटील यांचे ‘सिक्वेल’ आणि नंतर मुक्त स्रोतातील ‘ईसिम’ घडले. वसईकर विद्यार्थ्याला पवईची ही साधने आपल्याच परिसरातून मिळाली, ही मोलाची गोष्ट आहे. अर्थात मंडलातील तारांचे स्वतःचे प्रेरकत्व आराखड्यात धरले नाही, तर पडद्यावरचा तरंग नितळ दिसतो आणि व्होल्टेजचे घातक झटके दडून राहतात.