पेटीवरचा पत्ता

निफाड परिसरातल्या एका पॅकहाउसमध्ये निर्यातीची द्राक्षपेटी मी प्रथम निरखून पाहिली. चिठ्ठीवर बारकोडच्या रेघा होत्या आणि शेजारी द्राक्षबागेचा नोंदणी क्रमांक. या दोन खुणा वेगवेगळ्या गरजांतून आल्या, हे मला पुढे शोध घेताना उमगले.

रेघांची कथा १९४८ साली फिलाडेल्फियात सुरू होते. गल्ल्यावरची नोंद आपोआप व्हावी, म्हणून एका किराणा साखळीच्या प्रमुखाने ड्रेक्सेल संस्थेच्या डीनला गळ घातली. ते बोलणे बर्नार्ड सिल्व्हरच्या कानी पडले आणि त्याने ते मित्र जोसेफ वुडलँडला सांगितले. पुढे मायामीच्या किनाऱ्यावर वुडलँडने वाळूत मोर्स लिपीचे ठिपके काढले, बोटांनी खाली ओढले आणि त्यांच्या जाडबारीक रेघा झाल्या. १९५२ साली पेटंट मिळाले. पण रेघा वाचणारे लेसर आणि परवडणारे संगणक यायला दोन दशके लागली. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावी च्युइंग गमचे पाकीट या पद्धतीने विकले गेले. किंमत ६७ सेंट. सिल्व्हर १९६३ मध्येच वारला होता.

एका जातीच्या सगळ्या पाकिटांवर क्रमांक मात्र एकच. वस्तू कोणती, एवढे तो सांगतो. ती कुठून आली, हे सांगत नाही. दुकानदाराला साठा कळला, त्याचे भागले. अन्न खाणाऱ्याचे भागेना. युरोपीय संघाने २००५ पासून अन्नाचा माग ठेवणे बंधनकारक केले. आपल्याकडे अपेडाने 'ग्रेपनेट' उभारले. त्यात बागेची नोंद, फळाचा नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पॅकहाउस एका साखळीत आले.

२०१० साली या साखळीची परीक्षा झाली. युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला आणि माल अडकला. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरण्यासाठी बागाईतदार हे संजीवक वापरत आले होते. तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतेच! अहवाल स्वच्छ होते, क्रमांक बरोबर होते, तरी कंटेनर अडले. नंतर ते यादीत आले. तोवर हंगाम हातचा गेला होता.

पेटीवरच्या क्रमांकावरून मागे चालत गेले की वाट बागेपाशी थांबते. यादी ज्या टेबलावर तयार होते, तिथवर ती जात नाही.