राजांच्या भिंती : कोर्नेलियस आणि कीर्तिमंदिर

चित्रकलेच्या सर्व शाखांत भित्तिचित्राइतकी पराधीन शाखा दुसरी नसेल. कापडावरचे चित्र मनास येईल तेव्हा रंगवावे, न खपल्यास कोपऱ्यात उभे करावे, घर सोडताना गुंडाळून बरोबर न्यावे. भिंतीचे तसे नाही. भिंत दुसऱ्याची असते, बहुधा राजाची किंवा देवाची. आणि तिच्यावर जे काढावयाचे ते धन्याच्या इच्छेने, गवंड्याच्या वेळापत्रकाने आणि चुन्याच्या स्वभावाने बांधलेले असते. इमारत पडली की चित्रही पडले. ही पराधीनता पत्करून ज्यांनी आपले आयुष्य भिंतींना वाहिले, त्यांस अखेर काय मिळाले, हा प्रश्न आमच्या मते केवळ कलेच्या अभ्यासकांचा नाही. राजाश्रय म्हणजे काय, हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे अशा प्रत्येकाचा तो आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास पीटर फॉन कोर्नेलियस या जर्मन चित्रकाराचे चरित्र फार उपयोगी पडते. त्याचा जन्म 1783 साली ड्युसेलडॉर्फ येथे झाला. वडील तेथील चित्रसंग्रहाचे देखरेखदार व कलाशाळेत शिक्षक होते. ते 1799 मध्ये वारले आणि कुटुंबाचा भार या सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर पडला. 1811 मध्ये तो रोमला पोहोचला. त्या वेळी ओव्हरबेक आदी काही जर्मन तरुण तेथील एका ओसाड मठात राहून चित्रे काढीत असत. लांब केस आणि धर्मनिष्ठ राहणी यांमुळे लोक त्यांस थट्टेने ‘नाझारेथकर’ म्हणत. कलाशाळांतील गुळगुळीत, निर्जीव शिक्षणास ते कंटाळले होते. राफाएल आणि त्याच्या पूर्वीचे इटालियन चित्रकार ज्या श्रद्धेने भिंती रंगवीत, ती श्रद्धा आणि ती रीत दोन्ही पुन्हा आणावी, असा त्यांचा ध्यास होता.

ती रीत म्हणजे ओल्या चुन्यावरील चित्रण, ज्यास इटालियन लोक फ्रेस्को म्हणतात. प्रथम कागदावर चित्राचा पूर्ण आकाराचा आराखडा काढावयाचा, मग दिवसभरात जेवढे रंगवून होईल तेवढ्याच भागावर चुन्याचा शेवटचा हात द्यावयाचा, आराखड्यातील रेषा त्यावर उतरवावयाच्या आणि गिलावा ओला आहे तोपर्यंत पाण्यात कालवलेले रंग भरावयाचे. चुना वाळताना रंगास आपल्या पोटात घेतो. म्हणून असे चित्र टिकाऊ होते. परंतु चुकीस येथे क्षमा नाही. रेषा चुकली तर तेवढा गिलावा खरवडून दुसरे दिवशी पुन्हा आरंभ करावा लागतो. आमच्या अजिंठ्याची रीत याहून निराळी आहे. तेथे माती, भुसा व तंतू यांच्या लेपावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो वाळल्यावर, चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. दोहोंत श्रेष्ठ कोणती, हा वाद व्यर्थ होय. एकीत चित्रकाराने वेळेशी झुंजावे लागते, दुसरीत ओलाव्याशी.

रोममधील प्रशियाचा वकील बार्थोल्डी याने आपल्या निवासातील एक दालन या तरुणांस दिले. 1816-17 मध्ये कोर्नेलियस, ओव्हरबेक, शाडो व फाइट या चौघांनी तेथे बायबलातील योसेफाची कथा रंगविली. फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगणारा योसेफ आणि भावांस ओळख देणारा योसेफ, हे दोन प्रसंग कोर्नेलियसच्या वाट्यास आले होते. लोपलेली विद्या पुन्हा हाती आली, अशी वार्ता जर्मनीत पसरली आणि बव्हेरियाचा युवराज लुड्विग याने कोर्नेलियसला म्यूनिक येथे पाचारण केले.

लुड्विगास आपली राजधानी अथेन्स आणि रोम यांच्या तोडीची करावयाची होती. प्राचीन मूर्तींसाठी त्याने बांधविलेल्या ग्लिप्टोथेक नामक संग्रहालयाची दालने कोर्नेलियसने 1820 ते 1830 या दहा वर्षांत ग्रीक देवता आणि ट्रॉयचे युद्ध यांच्या चित्रांनी भरून काढली. मध्यंतरी 1825 मध्ये लुड्विग गादीवर आला. पुढे राजाच्या नावाच्या लुड्विग चर्चमध्ये, वेदीच्या मागील भिंतीवर, कोर्नेलियसने ‘अंतिम न्याय’ हे चित्र काढले. 1836 ते 1839 या काळात काढलेले हे चित्र सुमारे 18 मीटर उंच व 11 मीटर रुंद आहे. उद्धरलेल्या पुण्यात्म्यांच्या मेळाव्यात त्याने खुद्द लुड्विग राजासही स्थान दिले.

परंतु राजा प्रसन्न झाला नाही. कोर्नेलियसचा सारा जीव रेषेत आणि कल्पनेत होता. रंग हा त्याच्या लेखी गौण, म्हणून पुष्कळदा तो शिष्यांच्या हाती सोपविलेला असे. कागदावरील आराखड्यात जी आकृती भव्य वाटे, ती भिंतीवर आल्यावर रुक्ष व कर्कश दिसे. राजाने रंगांविषयी नापसंती दर्शविली आणि वीस वर्षांचा ऋणानुबंध तुटला. राजाचा हा दोषारोप सर्वस्वी खोटा होता असे आम्हांस वाटत नाही. तथापि ज्यास आपण स्वर्गात बसविले त्याने पृथ्वीवर विन्मुख पाठवावे, हे आश्रयाचे खरे रूप या प्रसंगी उघडे पडले.

कोर्नेलियस बर्लिनला गेला. तेथे प्रशियाचा राजा चौथा फ्रीड्रिख विल्हेल्म याने त्यास सर्वांत मोठी भिंत देऊ केली. नव्या मुख्य चर्चलगत राजघराण्याचे स्मशानमंदिर उभारावयाचे आणि त्याच्या भिंती पाप, मृत्यू व उद्धार यांच्या चित्रांनी मढवावयाच्या, असा तो बेत होता. कोर्नेलियस 1843 पासून आराखडे काढू लागला. महामारी, युद्ध, दुष्काळ व मृत्यू यांचे चार घोडेस्वार दाखविणारा त्याचा आराखडा युरोपभर गाजला. इतक्यात 1848 ची राज्यक्रांती झाली आणि मंदिराचे काम थांबले ते कायमचेच. कोर्नेलियस मात्र थांबला नाही. जी भिंत कधीच उभी राहावयाची नव्हती, तिच्यासाठी तो 1867 मध्ये मरण येईपर्यंत कोळशाने कागद रंगवीत राहिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात ग्लिप्टोथेकवर बाँब पडले. 1972 मध्ये ती इमारत पुन्हा उघडली तेव्हा तिच्या भिंती उघड्या विटांच्या ठेविल्या गेल्या. कोर्नेलियसची दहा वर्षे त्या विटांवरून पुसली गेली आहेत.

आता आपल्याकडे वळू. राजघराण्याचे स्मृतिमंदिर आणि त्याच्या भिंती रंगविणारा श्रेष्ठ चित्रकार, हा योग बर्लिनला साधला नाही तो बडोद्यास साधला. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक जाऊन 1875 मध्ये गादीवर बसलेले सयाजीराव गायकवाड यांस चित्रकलेची आवड जुनीच होती. रविवर्म्याकडून त्यांनी पौराणिक तैलचित्रांची एक मालिका करवून घेतली होती. 1936 मध्ये त्यांनी आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ कीर्तिमंदिर बांधविले आणि त्याच्या मध्य दालनाच्या भिंतींसाठी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस यांस बोलाविले.

नंदबाबूंस भिंतीचे शिक्षण आमच्याच मुलखात मिळाले होते. 1909-10 च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर ते अजिंठ्यास नकला करण्यासाठी आले होते. 1921 मध्ये शिंदे सरकारच्या ग्वाल्हेर संस्थानासाठी त्यांनी बाघ येथील लेण्यांच्या नकला केल्या. 1936 मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून खानदेशातील फैजपूर काँग्रेसचे नगर त्यांनी बांबू आणि गवत यांसारख्या खेड्यांतल्याच साहित्याने सजविले. आम्ही ज्या बुटीबोरीत बसून हे लिहीत आहो, तेथून वर्ध्याकडे फुटणारा रस्ता पुढे सेवाग्रामास जातो. ज्या वर्षी फैजपूरचे अधिवेशन झाले, त्याच वर्षी गांधीजी तेथे राहावयास आले. राजाच्या भिंतीकडे नंदबाबू आले ते असे खेड्याच्या अंगणातून आले, हे विसरता कामा नये.

6 फेब्रुवारी 1939 रोजी सयाजीराव वारले. कोर्नेलियसचे चरित्र वाचलेल्या मनुष्यास येथे वाटेल की काम आता बुडाले. ते बुडाले नाही. नातू प्रतापसिंहराव यांच्या कारकिर्दीत ते चालू राहिले. 1939 मध्ये गंगावतरण, 1940 मध्ये मीरेचे जीवन, 1943 मध्ये ‘नटीर पूजा’ आणि 1945 च्या सुमारास अभिमन्यूचे युद्ध, अशी चारही चित्रे पुरी झाली.

या चार विषयांची निवड लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. गंगावतरण पूर्वजांच्या स्मारकास शोभणारेच आहे. भगीरथाने गंगा आणली ती पितरांच्या उद्धारासाठी. अभिमन्यूचे शौर्य राजकुलास साजेसे आहे. पण उरलेल्या दोन भिंती काय सांगतात? मीरा ही राजघराण्याची सून. तिने घराण्याची लाज आणि सासरचा दरारा झुगारून दिला. ‘नटीर पूजा’ या रवींद्रनाथांच्या नाटकातील नर्तकी श्रीमती हिने राजाज्ञा मोडून स्तूपापुढे पूजेचे नृत्य केले आणि त्यापायी प्राण दिले. म्हणजे राजाच्या स्मृतिमंदिरात, राजाच्या पैशाने, राजसत्तेला न जुमानणाऱ्या दोन स्त्रिया उभ्या आहेत! म्यूनिकला चित्रकाराने राजाला संतांत बसविले. बडोद्यास चित्रकाराने राजाच्या घरात संतिणीला बसविले. आश्रय दोन्हीकडे होता, पण एका ठिकाणी भिंत धन्याकडे पाहत होती आणि दुसऱ्या ठिकाणी धनी भिंतीकडे.

यावरून कोर्नेलियस हीन आणि नंदबाबू थोर, असा निवाडा आम्ही देत नाही. दोघांच्या काळांत शंभर वर्षांचे अंतर आहे आणि दोघांपुढचे राजेही निराळे. शिवाय एका बाबतीत कोर्नेलियसचे उदाहरण आम्हांस अधिक हलविते. भिंत गेल्यावरही तो रेखीत राहिला. राजाने दिलेले काम राजाने सोडले तरी त्याने सोडले नाही. ज्याचा सारा जन्म आश्रयावर गेला, त्याची शेवटची वर्षे तरी कोणाच्याच आश्रयाची नव्हती.

1949 मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजे गेले, भिंती उरल्या. आता त्यांचा धनी कोण? उत्तर सोपे आहे आणि अवघडही आहे : आपण. अजिंठ्याच्या नकला मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स साहेबांच्या हाताखाली वर्षानुवर्षे खपून केल्या आणि त्यांतील बऱ्याचशा 1885 मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. मूळ भिंती मात्र गुहेच्या अंधारात राहिल्या म्हणूनच आज आपणांस दिसतात. भिंतीस बाँबची भीती क्वचित. ओल, धूर, खिळे आणि पुढच्या पिढीने दिलेला पांढरा हात यांची भीती नित्याची. नंदबाबूंस भिंत सोपविण्याइतका विश्वास एका राजाने दाखविला. ती भिंत ओलीपासून आणि चुन्याच्या कुंचल्यापासून राखण्याइतकी जागरूकता प्रजेने दाखवावी, एवढेच काम आता शिल्लक आहे. आणि ते करण्यास कोणत्याही राजाज्ञेची गरज नाही.