पाच मैलांचा धक्का

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या शौकिनांनी 1974 या सालाची एक रेघ मारून ठेवली आहे. रेघेच्या अलीकडच्या गाड्या देखण्या, पलीकडच्या बिघडलेल्या. एमजीबीचा नाजूक क्रोमचा बंपर गेला आणि तोंडावर काळे, जाड थोबाड आले; डॅटसनच्या 240झेडची चपळ रेषा 260झेडच्या पुढे आलेल्या अवजड बंपरांनी मोडली. या साऱ्याचा दोष एकाच कागदावर टाकला जातो, तो म्हणजे ताशी 5 मैल वेगाच्या धडकेत गाडी शाबूत राहिली पाहिजे असे सांगणारा अमेरिकन सरकारचा नियम. तक्रार निराधार नाही, पण तिने आरोपी चुकीचा पकडला आहे. धक्का किती सोसायचा एवढेच त्या नियमाने ठरवले. तो सोसताना गाडी कशी दिसावी हे प्रत्येक कंपनीने आपापल्या तिजोरीकडे, हाती असलेल्या वेळाकडे आणि आपल्या गाडीच्या भवितव्याकडे पाहून ठरवले. कुरूपता तिथून आली.

1960 च्या दशकातला अमेरिकन बंपर हा मुख्यतः दागिना होता. चकाकणारा पत्रा अंगाला इतका चिकटून बसवलेला असे की त्याला बसलेला धक्का थेट दिव्यांपर्यंत आणि रेडिएटरपर्यंत जाई. शिवाय प्रत्येक गाडीच्या बंपरची उंची वेगळी, त्यामुळे किरकोळ धडकेतही एकाचा बंपर दुसऱ्याच्या बंपरवर चढे किंवा खाली घुसे. दुरुस्तीचे पैसे अर्थातच विमा कंपन्या भरत. त्यांच्याच पैशावर चालणाऱ्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ने 1969 पासून नव्या गाड्या ताशी 5 मैलांनी आदळून दाखवायला सुरुवात केली. संस्थेचे प्रमुख विल्यम हॅडन हे त्याआधी सरकारच्या महामार्ग-सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख होते, त्यामुळे आकडे कुणापुढे मांडायचे हे त्यांना सांगावे लागत नव्हते. 1971 मध्ये मानक क्रमांक 215 जाहीर झाले. 1973 च्या मॉडेलांना पुढून 5 मैलांचा आणि मागून अडीच मैलांचा धक्का भिंतीवर झेलावा लागणार होता. पुढच्या वर्षीपासून मागेही 5, आणि सोबत जमिनीपासून 16 ते 20 इंच उंचीच्या पट्ट्यात झुलत्या लोलकाचे तडाखे.

या नियमातली एक गोम सहसा सांगितली जात नाही. तो ज्या कायद्याखाली निघाला, त्या कायद्याला फक्त सुरक्षिततेबद्दल बोलण्याचा अधिकार होता, खिशाबद्दल नव्हे. म्हणून मानक 215 म्हणत होते, दिवे पेटले पाहिजेत, दारे-बॉनेट नीट बंद राहिली पाहिजेत, इंधन आणि पाणी गळता कामा नये. खुद्द बंपर चेपला तर हरकत नाही. लोकांचा खर्च वाचवण्यासाठी म्हणून वेगळा कायदा संसदेला 1972 मध्ये करावा लागला. त्याची अंमलबजावणी रेंगाळत झाली, आणि बंपरलाही किरकोळ पोच्यापलीकडे काही होता कामा नये ही अट 1980 च्या मॉडेलांपर्यंत आलीच नाही. हेतू दुरुस्तीचे बिल कमी करण्याचा आणि भाषा जीव वाचवण्याची, अशा दुहेरी जन्मामुळे या बंपरांचा न्याय आजही चुकीच्या तराजूत होतो. ‘त्याने कुणाचा जीव वाचला?’ असा प्रश्न विचारून त्यांना निकालात काढणारे, ते ज्या कामासाठी नव्हतेच त्याचा हिशेब मागत असतात.

5 मैल म्हणजे ताशी 8 किलोमीटर, जॉगिंगचा वेग. ऐकायला क्षुल्लक. पण 1,100 किलोची गाडी या वेगाने जाताना तिच्यात सुमारे 2,750 जूल ऊर्जा असते, म्हणजे तीच गाडी पाव मीटर उंचीवरून खाली सोडावी तितकी. ही ऊर्जा 5 सेंटिमीटरच्या अंतरात जिरवायची तर सरासरी साडेपाच टनांच्या आसपास जोर बंपरमागच्या दोन आधारांवर येतो. लांब नाकाच्या अमेरिकन सेदानला ही 5 सेंटिमीटर जागा सहज सापडली. बुटक्या, हलक्या, नाकापर्यंत घट्ट भरलेल्या स्पोर्ट्स गाडीला ती बाहेरूनच उसनी घ्यावी लागली, आणि बंपर अंगापासून सुटून पुढे आला. त्यामागचे यंत्र म्हणजे हायड्रॉलिक शॉक-अ‍ॅब्सॉर्बर. एका नळीत दुसरी नळी, आत तेल, आणि तेलाला निसटायला मुद्दाम अरुंद ठेवलेली वाट. पिचकारीचा दट्ट्या हळू दाबला तर सहज जातो, झटक्यात दाबला तर हाताला विरोध करतो, तसेच. धक्का संपला की आतला दाबलेला वायू नळीला पुन्हा बाहेर ढकलतो आणि बंपर जागेवर येतो.

एकाच अटीला वेगवेगळ्या कारखान्यांनी दिलेली उत्तरे शेजारी ठेवली की खरा फरक दिसतो. एमजीबीची रचना 1962 ची. तिचा मालक ब्रिटिश लेलँड 1974 मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. पुढच्याच वर्षी तो सरकारला ताब्यात घ्यावा लागला. नव्या स्पोर्ट्स गाडीसाठी पैसा नाही, आणि अमेरिकेचे गिऱ्हाईक सोडणेही परवडत नाही. मग जुन्याच अंगावर पोलादी तुळई आणि त्यावर पॉलियुरेथेनचे काळे आवरण चढवले, आणि बंपर ठरलेल्या पट्ट्यात बसावा म्हणून अख्खी गाडी सुमारे इंचभर उचलली. उचललेली गाडी वळणावर जास्त झुकणार हे उघड होते, तरी काटकसर म्हणून त्याच वेळी पुढचा अँटी-रोल बारही नेहमीच्या साहित्यातून वगळण्यात आला. एमजीबीची चाल बिघडली असेल तर निम्मी या कंजुषीने बिघडली, हे तिच्या चाहत्यांनी मान्य करायला हवे. बार काही वर्षांत परत आला तेव्हा गाडी बरीच सावरली. बंपर मात्र तोच होता.

श्टुटगार्टमध्ये पोर्शेच्या स्टुडिओची सूत्रे तेव्हा अनातोल लापीन यांच्याकडे होती. त्यांनी 911 साठी गाडीच्याच रंगातला अ‍ॅल्युमिनियमचा बंपर केला आणि तो अंगापासून जितका सुटा ठेवावा लागत होता, ती फट दोन्ही कोपऱ्यांवर काळ्या रबरी घड्यांनी भरली. बंपर आत जाणार आहे ही गोष्ट लपवण्याऐवजी त्यांनी ती दाखवून दिली. अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांत आत हायड्रॉलिक शॉक, बाहेरच्या बहुतेक गाड्यांत एकदाच चेपणाऱ्या साध्या नळ्या. वरून चेहरा एकच. जर्मनीत असा नियम नव्हता, तरी तिथल्या गिऱ्हाइकाने हाच चेहरा विकत घेतला. अमेरिकेने 1982 मध्ये नियम सैल केला तेव्हाही पोर्शेने बंपर बदलला नाही. तो 1989 पर्यंत टिकला. जी गोष्ट केवळ सक्तीने आली असती, ती सक्ती उठल्यावर सात वर्षे का राहावी? गंमत अशी की हा बंपर केला तेव्हा 911 लवकरच बंद होऊन तिची जागा 928 घेणार असे घाटत होते. 1981 मध्ये आलेले प्रमुख पीटर शुट्झ यांनी 911 चालू ठेवली, आणि तात्पुरता इलाज त्या गाडीची ओळख होऊन बसला.

यावर पहिला आक्षेप असा की पोर्शे महाग गाडी, तिला असे चोचले परवडतात. अगदी बरोबर, आणि माझे म्हणणे तेच आहे. कायदा दोघांना सारखाच होता, खिसा नव्हता. शेवरोले कॉर्व्हेटचा दाखला इथे अधिक बोलका आहे, कारण ती जनरल मोटर्सच्या अवाढव्य कारखानदारीतली गाडी. 1973 मध्ये तिचा पुढचा क्रोम गेला, 1974 मध्ये मागचा, आणि दोन्हीकडे गाडीच्या रंगाचे लवचीक युरेथेन आले. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली. 1979 साली मात्र 53,807 कॉर्व्हेट तयार झाल्या, तेव्हापर्यंतचा विक्रम. दुसरा आक्षेप जास्त टणक आहे. पाँटियॅकच्या 1968 च्या जीटीओला रंगीत, लवचीक एंड्युरा बंपर होताच, तेव्हा ही सुधारणा कायद्याविनाही आली असती. आली असती, काही गाड्यांवर, हौसेखातर. पण 1977 च्या पोर्शे 928 ने बंपर अंगाखाली पूर्ण लपवला आणि पुढे साऱ्या जगाने तोच साचा उचलला, त्यामागे प्रत्येक डिझायनरच्या टेबलावर येऊन पडलेली सक्ती होती. हौस इतक्या लवकर सार्वत्रिक होत नाही.

मग नियमात खोट नव्हतीच का? होती, पण ती सौंदर्याची नव्हे, हिशेबाची. जड बंपर वाहून नेताना जळणारे इंधन आणि त्याची मूळ किंमत यांची वजाबाकी करून दुरुस्तीतली बचत उरते का, हा वाद पहिल्या दिवसापासून होता. रेगन प्रशासनाने 1982 च्या जुलैपासून मर्यादा 5 वरून अडीच मैलांवर आणली. वेग निम्मा, म्हणजे जिरवायची ऊर्जा चौथाई. ग्राहक संघटना कोर्टात गेल्या. 1985 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली आणि निकाल लिहिला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अँटोनिन स्कॅलिया यांनी. मोठी खोट मात्र वेगळीच राहिली. उंचीचा पट्टा फक्त प्रवासी मोटारींना लागू होता, पिकअप आणि उंच गाड्यांना नाही. बंपर बंपरला भिडावा ही कल्पना अशा गाड्या वाढत गेल्या तशी रस्त्यावरूनच नाहीशी झाली.

आज ही शॉकची नळकांडी चाळीस-पन्नास वर्षांची झाली आहेत. सील कडक होतात, तेल पाझरते, वायू निघून जातो. मग बंपर एका बाजूने लोंबतो, दाबला की आतच राहतो आणि रबरी घड्या सुरकुततात. कित्येक मालक या निमित्ताने सगळेच उतरवून 1980 च्या दशकातल्या 911 ला 1973 चा चेहरा चढवतात. ते त्यांच्या हौसेवर सोडू. पण बंपर तोच ठेवून शॉकच्या जागी स्वस्त, भरीव पाइप ठोकणे हा इलाज मला मान्य नाही, आणि ‘युरोपात तरी कुठे शॉक होते?’ ही त्याची ठरलेली सबब तर मुळीच नाही. युरोपातली नळी चेपण्यासाठी बनवलेली होती. पार्किंगमध्ये धक्का बसला तर ती वाकते आणि बदलता येते. भरीव पाइप तो धक्का जसाच्या तसा बॉडीच्या पत्र्यात पोहोचवतो, म्हणजे 1969 च्या दागिन्याचेच काम करतो, वर नव्या बंपरचे वजनही वाहतो. मूळ शॉक मिळत असेल तर तो घालावा, नाही तर चेपणारी नळी. आणि उतरवलेले जुने नळकांडे भंगारात टाकताना ते तापवू नये, त्यात भोक पाडू नये, कारण आतला दाब कित्येकदा अजून शिल्लक असतो. जळत्या गाडीच्या बंपरसमोर उभे राहू नका, असे अमेरिकेत अग्निशमन जवानांना शिकवतात ते याचसाठी.